एमरीच्या हातातले चहाचे मग

हॉकर्स कोव्हच्या अग्निशमन केंद्रातले दोन्ही बंब बाहेर अंगणात काढून उभे केले होते, म्हणजे आत काहीतरी मोठं होतं. एरवी हा मान फक्त लग्नाला आणि वसंतातल्या लॉबस्टरच्या जेवणाला. आज आत साठ खुर्च्या मांडल्या होत्या, भिंतीशी माशांच्या चाउडरचं, म्हणजे दाट सुपाचं, पातेलं वाफाळत होतं आणि पुढच्या टेबलावर मॅव्हिस टिबर्टच्या पहिल्यावहिल्या रहस्यकथेच्या चाळीस प्रती होत्या. मॅव्हिसने त्यांची रास तीनदा रचली आणि तीनदा मोडली.

"आता हात लावशील तर बघ," गार्थ पिंकनी तिच्या कानाशी म्हणाला. गार्थ म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि या किनाऱ्यावरचा मुरलेला रहस्यकथाकार. अकरा पुस्तकं आणि अकरा खून त्याच्या नावावर होते. महिनाभर तो मॅव्हिसला आपल्या गाडीतून गावोगाव वाचनांना नेत होता आणि वाटेत धडे देत होता. "सात मिनिटं वाच. प्रेत सापडलं की थांब. खुनी कोण, ते जीव गेला तरी सांगायचं नाही. आणि माझं ऐकलं असतंस तर आपल्याच गावात वाचन ठेवलंच नसतंस. मी ठेवलं होतं एकदा. एका बाईला वाटलं, पुस्तकातलं प्रेत म्हणजे आपणच. अजून बोलत नाही माझ्याशी."

"हे माझं गाव कुठाय, गार्थ?" मॅव्हिस हसत म्हणाली.

एकतीस वर्षांपूर्वी ती हार्वी टिबर्टशी लग्न करून समुद्रापासून दूरच्या ऑन्टॅरिओहून इथे आली. सत्तावीस वर्षं तिने या गावात पत्रं टाकली. कुठल्या दारात कुत्रा चावतो आणि कुठल्या दारात नवरा, हे तिला तोंडपाठ होतं. तरी ती बाहेरचीच. यात कुणाचा आकस नव्हता, एखाद्याचे डोळे निळे आहेत म्हणावं तितक्या सहज लोक ते म्हणत. सगळ्यात सहज म्हणायचा ऑर्लंड ट्रास्क, धक्क्याचा कारभारी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा म्हातारा पाण्याबद्दल जे बोलेल ते गावात शेवटचं असे. तो तिला तोंडावर "ऑन्टॅरिओवाली" म्हणे आणि तिच्याकडून पत्रं घेई. हॅलिफॅक्स शहरातल्या वाचनाच्या टाळ्या मॅव्हिसला गोड लागल्या होत्या, नाही असं नाही. पण तिला हवं होतं ते इथे, या साठ खुर्च्यांत. या लोकांनी एकदा तरी म्हणावं, हे आमचं पुस्तक.

आणि साठही खुर्च्या भरल्या! बंबांच्या पायऱ्यांवरसुद्धा पोरंसोरं बसली. ऑर्लंड पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून.

मॅव्हिसने वाचायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं घाईत गेली, मग आवाज सुटला. पहाटे सहा वाजता भरती पूर्ण चढलेली, बोटी धक्क्याच्या फळ्यांना घासतायत, आणि मिस लव्हेट आपल्या लाल स्कार्फात धक्क्यावरून चालत जाताना शेवटची दिसते. लोक पुढे सरकून बसले. कुणीतरी चमचा वाडग्यात तसाच धरून ठेवला. मॅव्हिसला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ऐकतायत! पाठीमागे हार्वीसुद्धा ऐकत होता, जो जन्मात इंजिनाच्या माहितीपुस्तकाशिवाय काही वाचत नसे.

"'बारा वाजता,'" तिने वाचलं, "'एमरीची बोट धक्क्याला लागली. दोन्ही हातांत वाफाळत्या चहाचे मग घेऊन तो अलगद धक्क्यावर उतरला आणि मिस लव्हेटच्या दाराकडे—'"

"खोटा आहे हा एमरी!" ऑर्लंड ट्रास्क उभा राहून गरजला. "सहाला भरती, तर बाराला ठार ओहोटी! बोट पंचवीस फूट खाली. शिडी चढायला दोन हात लागतात, आणि हा दोन मग घेऊन उतरला? यानेच मारलंय तिला!"

हॉलमध्ये एकच कल्ला झाला.

"अरे हो की! मेला सकाळपासून धक्क्यावरच असणार!"

"मग आधीच वर आणून ठेवलेले! कसला बेरकी आहे!"

"मॅव्हिस, काय धागा टाकलायस गं! शहरातल्यांना बापजन्मात नाही कळणार!"

"मला दोन प्रती ठेव! एक माझ्या बहिणीला!"

टाळ्या, शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट. टेबलाशी रांग लागलीसुद्धा. आणि त्या सगळ्या गोंधळात मॅव्हिस हातातल्या पानाकडे बघत होती, तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एमरी खुनी नव्हताच.

तिने लिहिलं होतं तेव्हा एमरी सहालाच आला होता, भर भरतीत, बोटीतून थेट फळीवर. पण हॅलिफॅक्सच्या संपादिकेचा फोन आला, "अहो, पहाटे सहाला कुणी कुणाकडे चहा घेऊन जातं का? दुपारी बारा करा." मॅव्हिसने अकरा ठिकाणी घड्याळ बदललं. पाणी बदलायचं राहिलं. धक्क्यावर जन्मलेल्या माणसाच्या हातून हे झालं नसतं. बाहेरच्याच बाईच्या हातून होणार होतं.

"गार्थ," ती पुटपुटली, "चूक आहे ती. तो खुनी नाही."

गार्थने रांगेकडे बघितलं, मग तिच्याकडे. "गप्प बस. मुद्दाम टाकलेला चकवा आहे म्हणून सांग नंतर. अगं, अकरा पुस्तकांत माझ्यापुढे अशी रांग लागलेली नाही!"

मोह झाला तिला. का होऊ नये? ऑर्लंड ट्रास्क स्वतः रांगेत पहिला उभा होता, गालावर लाली चढलेली, शेजारच्याला ओहोटी समजावून सांगत. एकतीस वर्षांत तिने त्याला असा खुललेला पाहिला नव्हता. पण हे लोक शेवटच्या पानापर्यंत जाणार होते. या गावात वयाबद्दल खोटं बोललेलं चालतं, पत्त्यांत फसवलेलं तर आवडतंसुद्धा. पाण्याबद्दलचं खोटं नाही चालत. त्यापायी माणसं गेली आहेत.

मॅव्हिस खुर्चीवर चढली.

"ऐका! एक मिनिट ऐका! एमरीने खून केलेला नाही."

"मग कोणी केला?" वीस जण ओरडले.

गार्थने इतक्या जोरात मान हलवली, की त्याचा चष्मा घसरला.

"ते नाही सांगणार. पण ऑर्लंड म्हणतो ते बरोबर आहे. बाराला ओहोटी असते आणि मी माणसाला दोन मग घेऊन उतरवलं. तो धागाबिगा काही नाही. मी चुकले. माझं पाणी चुकलं." तिने टेबलाकडे बोट दाखवलं. "ज्यांना पुस्तक नको असेल, त्यांनी खुशाल परत ठेवा."

सगळ्यांच्या नजरा ऑर्लंडकडे वळल्या.  आता ऑर्लंड "ऑन्टॅरिओवाली" म्हणणार, आणि या वेळी त्याचं काही चुकणार नाही, हे मॅव्हिसला कळून चुकलं.

"पान कितवं?" ऑर्लंडने विचारलं.

"एकोणीस."

त्याने पान काढलं, पुस्तक हातभर लांब धरलं आणि वाचलं. "बाकी झकास आहे की. याला शिडीने चढव."

"दोन मग घेऊन?" मागून कुणी म्हणालं.

"थर्मास दे त्याला."

"हॅट! एमरी थर्मास वापरणारा वाटतो का तुला?"

"नाही वापरणार," एक बाई ठामपणे म्हणाली. "एमरी तसला नाही."

मॅव्हिस खुर्चीवर तशीच उभी राहून ऐकत होती. एमरीबद्दल ते असे भांडत होते, जणू त्याची बोट आत्ता धक्क्याला बांधलेली आहे. तिला वाटलं, आनंदाने उडी मारावी इथूनच.

"बादली," अखेर ऑर्लंडने निकाल दिला. "मग आमिषाच्या बादलीत ठेवले, वर चढला, आणि दोरीने बादली ओढून घेतली. आम्ही सगळे तेच करतो. चहाला हेरिंग माशाचा वास येतो, पण चालतं. लिही."

"कुठे लिहू?"

"प्रत्येक पुस्तकात! आम्ही काय चुकीचं पुस्तक घरी नेणार? पुढे सही कर, आणि एकोणिसाव्या पानावर हे लिही."

मग जे सुरू झालं ते काय सांगावं! मॅव्हिस पहिल्या पानावर सही करी, एकोणिसाव्यावर दोन मग खोडी, समासात बादली आणि दोर लिही. शेजारच्या टेबलावर गार्थची अकरा पुस्तकं होती, पण तिथे कुणी फिरकत नव्हतं; तो उठला आणि तिला पेनं पुरवू लागला. एका पेनातली शाई संपली, दुसऱ्यातली संपत आली. चाळीस प्रती तासाभरात उडाल्या आणि हार्वी घरची पुस्तकांची खोकी आणायला धावला. हॅलिफॅक्सहून वाचन ऐकायला आलेल्या एका बाईने पिशवीतून आपली आधीच विकत घेतलेली, न सुधारलेली प्रत काढली, तर तीन जण तिच्यावर तुटून पडले, "अहो, ही चुकीची आहे! मॅव्हिसकडून नीट करून घ्या आधी!"

ऑर्लंडने रांगेतली आपली जागा चार वेळा मागच्यांना दिली आणि सगळ्यांत शेवटी आला. मॅव्हिसच्या बोटांना निळे डाग पडले होते, तोंड हसून हसून दुखत होतं.

"पुढचं लिहितेयस ना?" त्याने विचारलं.

"अर्धं झालंय."

"मग त्यात मला मार."

"ऑर्लंड!"

"मासळी ठेवायच्या बर्फाच्या खोलीत नको, मला थंडी सोसत नाही. धक्क्यावर मार. आणि मारणारा गावातलाच बघ. बाहेरचं कुणी येऊन मला मारून गेलं, तर तोंड कुठे लपवू मी?"

"पण मारणार तर मीच," मॅव्हिस पेन उचलत म्हणाली. "आणि मी बाहेरचीच की."

ऑर्लंडच्या भुवया कपाळात गेल्या. त्याने टेबलावर मूठ आपटली.

"कोण म्हणतं तसं?" तो इतक्या रागाने म्हणाला, की त्याला त्याचंच नाव सांगायचा तिला धीर झाला नाही.