शेखरच्या गिटारीची हळद

मी शेखरची लाल, विजेवर वाजणारी गिटार. आसनगावहून आत गेलात की खाचरांच्या कडेला त्याचं घर लागतं. तिथे भिंतीवर, कॅलेंडर आणि विळ्याच्या मधोमध मी टांगलेली असते. शेजार चांगला आहे, तक्रार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. अक्कल आली ती कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रात. तो बंद पडला आणि मी शेखरच्या हाती आले. शेखर वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर. तिथल्या एका गोवेकर मेकॅनिकने त्याला ब्लूज शिकवलं. ब्लूज म्हणजे मनातली कळ तारेतून सांगायची. सूर मोजकेच, पण एकेक तार अशी ओढायची की ऐकणाऱ्याला गलबलून यावं. शिवाय ठेक्याच्या जरा मागे रेंगाळायचं. रेंगाळण्यात शेखरचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही, हे त्याची बायको कमळसुद्धा सांगेल.

घोटाळा झाला तो पुतण्याच्या हळदीत. आमच्याकडे लग्नापेक्षा हळदीलाच गर्दी जास्त. डीजेवाला जेवायला बसला, ती संधी साधून शेखरने मला गळ्यात अडकवलं आणि डोळे मिटून ब्लूज धरलं. नाचणारे थांबले. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. त्याची आत्या धोंडीबाई नुकतीच रिक्षातून उतरत होती. तिने दारातूनच हंबरडा फोडला, "कोन गेलं रे?"

त्या दिवसापासून मला हळदीत बंदी. हुकूम काढला शेखरच्या धाकट्या भावाने, हनुमानने. भावकीतल्या प्रत्येक मांडवाची वीज हनुमानकडे असते, त्यामुळे त्याचा हुकूम मोडायची सोय नाही.

पुढे भावनाचं लग्न ठरलं. शेखरची ही एकुलती एक लेक. शहापूरच्या दवाखान्यात नोकरी करते आणि कानात सदा हार्ड रॉक, म्हणजे गिटारींचा दणदणाट, घालून फिरते.

"पप्पा, माज्या हळदीत तुमीच वाजवायचं," ती म्हणाली. "पन तुमचं नेहमीचं नाय. हे वाजवा." आणि तिने फोनवर एक सोलो लावला, म्हणजे बाकी वाद्यं मागे आणि गिटार एकटी पुढे. ते ऐकून माझ्या तारा ढिल्या पडल्या. अर्ध्या मिनिटात एवढे सूर, की शेखरला तेवढे वर्षभर पुरले असते.

हनुमान म्हणाला, "दादा, लोकं नाचली तर बटन चालू. एक सूर जरी रडका आला, तर बंद. मंग पोरीची हळद असो नायतर कोनाची."

शेखर हसला, पण रात्री जेवला नाही. लेकीच्या हळदीत बापाचीच वीज तोडली, तर तोंड कुठे दाखवायचं?

आषाढापासून माझे हाल सुरू झाले. शेखर एकदम पूर्ण वेगानेच वाजवायला जायचा. अंगठा माझ्या मानेवरून आवळलेला, तीन बोटं घामाघूम, आणि करंगळी मात्र पाहुण्यासारखी बाजूला बसलेली. प्रत्येक सूर तो जीव खाऊन दाबायचा. ठेका पुढे निघून जायचा आणि आम्ही मागून धापा टाकत यायचो. आवाज वाढवला की आपल्या चुका झाकतात, असा त्याचा समज होता. कोंबड्यांनी अंगणात येणं सोडलं.

एका रविवारी कमळ भाताच्या लावणीतून भाकरीला घरी आली. चिखलाच्या पायांनी दारात उभी राहून तिने त्याची बोटं पाहिली.

"सकाळी खाचरात बी तुमी ह्येच करत होता," ती म्हणाली. "रोप लावता का गाडता? माजी आख्खी वळ लावून झाली तवा तुमची चार रोपं झालती."

"मंग कसं करू?"

"दोन बोटांनी टेकवायचं नि सोडायचं. चिखल धरतो त्याला. आन हात वर कशाला उचलता? फुडचं रोप जवळच असतं."

शेखरने मला मांडीवर नीट घेतलं. मग त्याने माझ्या मानेवरचा अंगठा सैल केला. खरं सांगते, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. बोट टेकवलं, सोडलं. सूर निघाला! तारेला एवढंच हवं होतं, हे मी कधीची ओरडून सांगत होते, पण गिटारीचं ऐकतो कोण?

मग हळूहळू, एकेक वळ. करंगळीलाही कामाला जुंपलं. भात कापून झालं तोवर आमचा सोलो धावायला लागला होता.

मार्गशीर्षात हळद आली. हनुमान बटणावर बोट ठेवून उभा. शेखरने सुरुवात केली आणि सूर असे सुटले, की डीजेवाला ताट घेऊन उठला. पोरं नाचली, करवल्या नाचल्या. धोंडीबाईने तर काठी बाजूला टाकली. शेवटचा सूरही ठेक्यावर अचूक पडला. जिंकलो!

इतक्यात भावना पाटावरून उठली आणि हळदीचे दोन्ही हात तिने बापाच्या गालांना लावले. शेखरने गाल पुसले, तीच बोटं परत माझ्यावर आली आणि त्याने तार ओढली. सावकाश, अगदी पूर्वीसारखी. सगळ्यांनी हनुमानकडे पाहिलं.

धोंडीबाईने या वेळी काही विचारलं नाही. हनुमानने बटणावरचं बोट काढलं आणि त्याच हाताने डोळे पुसले. "दादा," तो म्हणाला, "थांबू नको."

आता भावना मुरबाडला सासरी असते. मी पुन्हा भिंतीवर आहे. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण टांगलेली असेल, तर तिच्यावर ओले शर्ट वाळत घालू नका, अधूनमधून खाली काढा. आणि कमळ, दर रविवारी तू माझ्यावरून फडकं फिरवतेस, खुशाल फिरव. फक्त मानेवर तारेखाली जो पिवळा डाग आहे ना, तो राहू दे.