तेवढा चेहरा बदला

"चेहरा तेवढा बदला. गळ्याची झालर, मोती आहेत तसेच राहू देत." चरबीच्या मेणबत्त्या विकणाऱ्या गिल्बर्ट फेनरने गळ्यातले चित्रपदक काढून बाकावर आपटले.

लंडनच्या त्या गल्लीत आधी फेनरचे पोट दुकानात शिरे आणि चर्चच्या दोन घंटा झाल्यावर मागून फेनर. थॉमसिनला मात्र तो पुलापलीकडे असतानाच कळे. चित्रकाराच्या दुकानात पदके जोडण्यात म्हातारी झालेल्या या बाईचे नाक असे, की नदीत जहाज शिरले की त्यात मिरी आहे की सडके मासे, ते ती बसल्या जागी सांगे. आज फेनरला चरबीचा, कांद्याचा आणि खारवलेल्या माशाचा वास येत होता. बायकोला पुरून त्याला सहा आठवडे झाले होते.

चित्रकार लँबर्टने पदकाचे स्फटिकाचे झाकण उघडले. आत त्याची गेलेली बायको, सिसिली. चिमणीच्या अंड्याएवढी, पण हनुवटीवरच्या खळीसकट. लहानपणी तिला थॉमसिननेच अंगावर पाजले होते. ओघळलेले दूध त्या खळीत साठायचे. जगात सिसिलीचे दुसरे चित्र नव्हते.

"नवरीचं चित्र नवीन कातड्यावर काढू की, शेट," थॉमसिन म्हणाली. "हे जुनं मला द्या."

"आणि झालर? महिनाभर बसला होता तुझा मालक एवढी झालर काढत. माझं लग्न पंधरवड्यावर आलंय. उघड्या छातीनं उभा राहू?"

"गोंदाचा रंग आहे," लँबर्ट खाली बघत पुटपुटला. "ओला कुंचला फिरवला की निघेल."

थुंकीचा थेंब उडाला तरी चित्र बिघडते, म्हणून त्याच्या दुकानात तोंडाला फडके बांधून काम चाले.

"मालक, मेलेल्या बाईचा रंग खालून वर येतो," थॉमसिनने थाप ठोकली. "एका नवरीला अशानं दाढी फुटलेली मी स्वतः पाहिलीय!"

"मग मीच बघतो." फेनरने अंगठा पार मुळापर्यंत चाटला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवला. पुन्हा चाटला, पुन्हा फिरवला. जिभेवर गुलाबी रंग आला, तो त्याने गिळला.

थॉमसिनने पदकात वाकून पाहिले. झालर होती, मोती होते, मधे थुंकी होती.

"झालं! यात काय अवघड होतं गं म्हातारे?" म्हणत त्याने गुलाबी झालेला अंगठा तिच्या एप्रनला पुसला.

चित्रातल्या मोत्यांवरची चांदी मळली होती. थॉमसिनने चांदीला झिलई द्यायचा कुत्र्याचा दात उचलला आणि रोजच्यासारखी ती घासून लखलखीत केली.

शनिवारी लँबर्टची बायको धुणे गोळा करायला आली. "तो एप्रनपण टाक गं थॉमसिन. शी! काय घाण मारतोय!"

"मारू दे, बाईसाहेब."

तिला तर त्या वासाने ओकारी येत होती. तिने दोन्ही नाकपुड्यांत लोकर कोंबली, एप्रन उलटा केला आणि सिसिलीचा तो गुलाबी डाग आतून छातीशी येईल असा बांधला.