अपघातमुक्त वर्षाचे पेढे

चाकणच्या त्या कंपनीत गेटजवळ हिरवा बोर्ड होता. अपघात न होता किती दिवस गेले, ते त्यावर रोज लिहायचं. वर्ष भरलं की लाइनवरच्या प्रत्येकाला मिक्सर मिळणार होता. वर्ष भरायला आठवडा उरला आणि प्रेस मशीनवर पत्र्याच्या धारेनं लाइनवरच्या समाधानचं बोट कापलं.

बोट कापलं की नोंद, नोंद झाली की बोर्ड शून्यावर, आणि मग घरोघरी एकच प्रश्न, मिक्सर कुठाय? समाधाननं मुकाट्यानं बोटाला काळी टेप गुंडाळली. सगळ्या लाइननं ते पाहिलं आणि कुणीच पाहिलं नाही. एवढी एकी युनियनच्या निवडणुकीतही दिसली नव्हती.

बोट सुजलं, पिकलं. पण दापोडीला घरी लक्ष द्यायला सवड कुणाला होती! वर्षपूर्तीच्या समारंभाच्या पेढ्यांची ऑर्डर त्याच्या बायकोला, आम्रपालीला मिळाली होती. तिच्या घरगुती मिठाईची ही पहिलीच मोठी ऑर्डर, त्यामुळे तिचे पाय जमिनीवर नव्हते. समाधानलाही हुरूप आला. टेप काढून, हात धुऊन तो पेढे वळायला बसला. बायकोनं त्याच्या कामाचं कौतुक केलं, हे लग्नानंतर प्रथमच घडलं.

दुसऱ्या दिवशी सेफ्टी ऑफिसर अजिंक्य सरांनी सुरक्षेवर भाषण केलं. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. जेवणाच्या सुट्टीच्या आत लाइन बंद पडली. माणसं उलट्यांसाठी रांग लावून उभी होती, अगदी शिस्तीत. रांगेत सर दुसरे होते.

जिवावर कुणाच्याच बेतलं नाही. पण शिळा खवा वापरणारी बाई म्हणून आम्रपालीचं नाव संध्याकाळपर्यंत दापोडीत पोचलं.

"खवा मी स्वतः आटवलाय," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. रडली मात्र नाही. समाधानला तिच्याकडं बघवेना.

कंपनीच्या डॉक्टरांनी सकाळी सांगितलं, "स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू आहे. जखमेत शिरला तर पू करतो, खव्यात पडला तर विष. कुणाच्या तरी हाताला जखम असणार."

समाधान सरांकडं गेला आणि त्यानं बोटाला पुन्हा गुंडाळलेली टेप सोडली. सरांनी बोट पाहिलं, मग खिडकीतून बोर्ड पाहिला.

"हे घरी कापलं ना? सुरीनं?" त्यांनी आशेनं विचारलं. "तसं सांग. बोर्ड राहील, मिक्सर पण राहतील."

दारात अख्खी लाइन उभी होती, उतरलेल्या चेहऱ्यांनी.

"न्हाई सर. प्रेसवर कापलं, मी लपवलं. खवा ताजा होता."

बोर्डावर शून्य त्यानंच लिहिलं. त्याच्याशी कुणी बोललं नाही.

घरी आम्रपालीनं त्याचं बोट धुऊन पट्टी बांधली.

"मिक्सर गेला," तो म्हणाला.

"आपल्याकडं आहे की एक." तिनं पट्टीची गाठ पक्की केली. "खव्याचं सांगितलंत?"

"सांगितलं."

"मोठ्यानं?"

"सगळ्यांसमोर."

तेव्हा कुठे ती रडली.