मामाचे पांडा

एडिनबराच्या प्राणिसंग्रहालयातले पांडा लवकरच चीनला परत जाणार, अशी बातमी आली तेव्हा वरदाचा मामा नुकताच नागपूरहून तिच्याकडे ग्लासगोला आला होता.

"मामा, पांडा बघायचा?" तिने त्याच्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं.

"खराखुरा?" पुरुषोत्तममामाचे डोळे मोठे झाले. "तो बांबू फोडतो तेव्हा कडाकडा आवाज येतो म्हणे!"

मामाचे कान कापडगिरणीतल्या मागांच्या खडखडाटात गेले होते. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे त्याचं बोलणंही गिरणीतल्यासारखंच मोठं. वरदाचे वडील वारले तेव्हा ती दुसरीत होती. मामा तिला आणि तिच्या आईला आपल्या घरी घेऊन आला, आणि त्यानंतर शाळेच्या प्रत्येक पालकसभेला तोच गेला. त्याने तिथे विचारलेले प्रश्न मैदानापर्यंत ऐकू जायचे. तेव्हा तिला त्याचं काही वाटत नसे. आता ती इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होती आणि कायमच्या मोठ्या पदासाठी तिची मुलाखत तोंडावर आली होती. आल्या आल्या तिने मामाला कानाचं मशीन करून दिलं होतं. पण ‘कानात किडा शिरल्यासारखं वाटतं’ म्हणून त्याने ते डबीत ठेवून दिलं होतं.

शनिवारी सकाळच्या ट्रेनने ते निघाले. मामाने कानटोपी पार भुवयांपर्यंत ओढली होती. त्याच्या आवाजाने डब्यातली माणसं वळून बघायला लागली तशी वरदाने फोनमध्ये मान घातली. हो-नाहीची उत्तरं ती मानेनेच देत राहिली.

पांडांपाशी लोक कुजबुजत उभे होते. आवाज करू नका, अशी पाटी होती, आणि लाल जाकीट घातलेल्या स्वयंसेवक बाई येणाऱ्या प्रत्येकाला तेच हलकेच सांगत होत्या. काचेपलीकडे पांडा भिंतीला टेकून, पाय पसरून, पाठमोरा बसला होता.

"अरे बाप्पा!" मामा म्हणाला. "जेवून ओसरीवर बसलेल्या माणसासारखा बसलाय की!"

माणसं वळली. एक-दोघं हसली. स्वयंसेवक बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. वरदाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "मामा, हळू," ती म्हणाली आणि नकळत सरकत सरकत पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. इथून दिसतं बरं, असं तिने स्वतःला सांगितलं. दिसत मात्र काहीच नव्हतं.

"वरदा! तू इथे?"

डॉक्टर फिओना केर. तिच्या विभागप्रमुख, आणि मुलाखतीच्या पॅनेलवरही त्याच असणार होत्या. सोबत त्यांचे यजमान. इंग्रजीत हवापाण्याचं बोलणं सुरू झालं. तेवढ्यात आत बांबू मोडला आणि मामा अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा ओरडला, "पोरी! ऐकलंस? कडाक् झालं! ये ना इकडे!"

डॉक्टर केरनी वळून पाहिलं. "तुझ्याबरोबर आहेत का ते?"

"नाही," वरदा म्हणाली.

शब्द इतक्या सहज बाहेर पडला की तिचं तिलाच कळलं नाही. मग तो निस्तरण्यासाठी पुढचं आलं. "ट्रेनमध्ये होते. एकटेच आलेले दिसतायत. ऐकू येत नसावं बिचाऱ्यांना."

मामाला ऐकू येणार नाही, याच भरवशावर ती हे बोलली होती.

पण डॉक्टर केर मनाने चांगल्या होत्या. "या वयात एकटे? विचारायला हवं," म्हणत त्या सरळ मामाकडे गेल्या. वरदाला मागे जावंच लागलं. "तुमच्याबरोबर कोणी आहे का?" त्यांनी सावकाश, मोठ्याने विचारलं.

मामाने त्यांच्या खांद्यावरून वरदाकडे पाहिलं. मग कानटोपी काढून हातात घेतली. त्याच्या कानात मशीन होतं.

बांबूचा आवाज ऐकायला त्याने ते घातलं होतं, आणि तो ऐकू आला म्हणूनच तो ओरडला होता.

"नो, मॅडम," मामा म्हणाला. "आय कम अलोन. आय ॲम ओके."

"तुला त्यांची भाषा येते ना?" डॉक्टर केर वरदाला म्हणाल्या. "कुठे राहतात ते विचारतेस?"

आता तरी सांगून टाकावं, असं वरदाला वाटलं. पण डॉक्टर केर वाट बघत होत्या. "तुम्ही..." मामाला जन्मभर अरे-तुरे केलेल्या तोंडाने तिने विचारलं, "कुठे उतरलात?"

"ग्लासगोला. भाचीकडे," मामा म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "चांगली मुलगी आहे. तुम्ही काळजी करू नका, ताई."

"काय म्हणाले?"

"भाचीकडे राहतात," वरदाने भाषांतर केलं.

केर दांपत्य पुढे गेलं. मामा पुन्हा काचेकडे तोंड करून उभा राहिला. आत पांडा एकामागून एक बांबू फोडत होता आणि मामा काही म्हणत नव्हता.

वरदा बाहेर आली. तिथल्या कठड्याला धरून उभी राहिली, आणि तशीच वळून पुन्हा आत गेली. मामाचा हात धरून तिने त्याला ओढलंच.

"कुठे नेतेस? राहू दे," तो पुटपुटला. "तुझी साहेबीण दिसते ती. माझं काय मोडलं?"

डॉक्टर केर कॅफेच्या रांगेत होत्या. "मी मघाशी खोटं बोलले," वरदा म्हणाली. "हे माझे मामा. यांनीच मला वाढवलं. ते माझ्याबरोबर आले आहेत."

डॉक्टर केर तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी मामापुढे हात केला आणि पांडा आवडला का, असं विचारलं. "व्हेरी नाइस," मामा म्हणाला. यजमानांनी हसून मान हलवली. रांग पुढे सरकली आणि त्या दोघांना निमित्त मिळालं. जाताना डॉक्टर केर वरदाला ‘सोमवारी भेटू’ म्हणाल्या, पण तिच्या डोळ्यांकडे न बघता.

"कशाला सांगितलंस?" बाकावर बसत मामा म्हणाला. "आता तिच्यासमोर तुझी मान खाली गेली."

"जायलाच हवी होती," वरदा म्हणाली. "मामा, माझं चुकलं रे. फार चुकलं."

मामाने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण ‘काही चुकलं नाही’ असं काही तो म्हणाला नाही. थोड्या वेळाने त्याने पिशवीतून पोळीभाजीचा डबा काढून तिच्यापुढे धरला. दोघांनी चार घास खाल्ले.

परतीच्या ट्रेनमध्ये दोघं समोरासमोर बसले. डबा गच्च भरला होता, पोरं ओरडत होती, कोणीतरी फोनवर मोठमोठ्याने हसत होतं. मामा खिडकीबाहेर बोट दाखवून काहीतरी म्हणाला. वरदाला ऐकू आलं नाही.

"काय? मोठ्याने बोल ना, मामा."

"मेंढ्या," तो कुजबुजला. "मेंढ्या म्हटलं."

"अरे, मोठ्याने बोल. इथे कोणी काही म्हणणार नाही."

मामाने आजूबाजूच्या माणसांवरून नजर फिरवली, मान हलवली आणि तसाच, ओठांतल्या ओठांत बोलत राहिला. वरदा उठून त्याच्या शेजारच्या जागेवर गेली आणि तो काय म्हणतोय ते कळावं म्हणून आपला कान त्याच्या तोंडाशी नेला.