मोरपंखी काठाचं पायपुसणं

सरस्वतीबाईंनी सत्तरी उलटल्यावर पायपुसण्यांचा नाद लावून घेतला. गोणपाटाचा तुकडा चहूबाजूंनी दुमडून दाभणाने शिवायचा आणि वर जुन्या लुगड्यांच्या काठांची वेलबुट्टी बसवायची. मोरीपुढचं वेगळं, स्वयंपाकघरापुढचं वेगळं. चिखलीतल्या त्यांच्या गल्लीत त्याचं कौतुक होतं. सून पूनम तर फोटो काढून मैत्रिणींना पाठवायची.

"आई, आता समोरच्या दारासाठी एक मोठं करा ना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले साऱ्या बाया येतीन."

मोठं करायला घेतलं, पण काठ पुरेना. घरातली जुनी लुगडी केव्हाच संपली होती. पेटीच्या तळाशी राहिलं होतं ते कलाबाईचं गाठोडं.

कलाबाई त्यांच्या सासरच्या गावची, पुढे चिखलीतही शेजारीण. नर्सची नोकरी केव्हाच संपली होती; चार वर्षांपूर्वी ती मुलाकडे नांदुऱ्याला राहायला गेली. जाताना आपल्या आईचं लुगडं सरस्वतीबाईंच्या हवाली करून गेली होती. "धम्मशीलेले लेकरू होईन तव्हा याची गोधडी शिवजो. माह्या मायच्या लुगड्यात निजलं पाह्यजे ते. तुह्यासारखा बारीक टाका कोनाले येत नाही, सरू."

धम्मशीला तिची नात. तेव्हा ती कॉलेजात शिकत होती.

सरस्वतीबाईंनी गाठ सोडली. जांभळं लुगडं, मोरपंखी काठ. गोधडीला मधलं मऊ कापडच लागतं, काठ उलट बाळाला टोचेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि कात्री चालवली. काठ निघाल्यावर उरलेलं लुगडं नीट घडी घालून परत पेटीत ठेवलं.

संक्रांतीला तीस-पस्तीस बायका त्या पायपुसण्यावरून आत आल्या आणि बाहेर गेल्या. जिनेतिने वाखाणलं.

महिनाभराने कलाबाई पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभी राहिली. धम्मशीलेला मुलगी झाली होती. बारसं आठ दिवसांवर आलं होतं.

"आत ये ना व. बाहेर काऊन थांबली?"

कलाबाईने चप्पल काढली होती, पण पाऊल पुढे टाकलं नव्हतं. ती खाली पाहत होती.

तेवढ्यात पूनम आली. "कलामावशी, मस्त झालं नाही? आईनंच केलं."

"हाव," कलाबाई म्हणाली. "टाका ओयखू येऊन राह्यला."

दारातली कलाबाई पाहून सरस्वतीबाईंना तिची आई कौतिका आठवली. कौतिका त्यांच्या शेतात निंदायला यायची. मजुरीची ज्वारी न्यायला आली की पायरीखाली उभी राहायची. सासूबाई वरून तिच्या पदरात ज्वारी ओतायच्या, पाणीही वरूनच. कलाबाईला नोकरी लागली, तिने पहिल्या पगारात आईला हे लुगडं घेतलं. ते नेसून कौतिका दाखवायला आली होती. सासूबाई त्या दिवशी गावाला गेल्या होत्या. घरात सरस्वतीबाई एकट्याच. त्यांनी काठ बोटांत धरून पाहिला, चांगला आहे म्हणाल्या. आत ये म्हणाल्या नाहीत. कौतिका थोडा वेळ थांबली आणि हसून निघून गेली.

"मीच कापला, कला," त्या म्हणाल्या. "बाकी लुगडं तसंच आहे. हा काठ उसवून देतो. धुऊन परत लावतो."

"इतक्या जनींचे पाय पडले त्याच्यावर. ते लेकराच्या अंगावर टाकू?"

पायपुसणं उचलायला पुढे केलेला हात सरस्वतीबाईंनी मागे घेतला.

"एक सांग सरू. तुह्या मायचं लुगडं असतं, त लावलं असतं इथं?"

आपल्या आईचं लुगडं सरस्वतीबाईंनी उशीत भरलं होतं. रोज रात्री त्या उशीवर त्या डोकं ठेवत. हे कलाबाईला माहीत होतं.

"नसतं लावलं," त्या म्हणाल्या.

कलाबाईने बाहेरूनच हात पुढे केला. सरस्वतीबाईंनी लुगडं आणून दिलं. काठ नसलेलं ते लुगडं कलाबाईने उलगडलं नाही, तसंच पिशवीत घातलं.

"गोधडी मीच शिवतो आता. पडतीन मोठे टाके, पडू दे." पेढ्यांचा पुडा तिने पूनमच्या हाती दिला. "बारशाले येजो, सरू. पूनमलेही आन."

तिने रागावून, भांडून पाठ फिरवली असती तर सरस्वतीबाईंना सोपं गेलं असतं. ती चप्पल घालून बसस्टँडच्या रस्त्याने चालू लागली.

"मावशीले वाईट वाटलं का?" पूनमने विचारलं. "जुनंच त लुगडं होतं. कोनाचं होतं ते ध्यानात राह्यलं नाही, असं म्हनून टाकलं असतं."

सरस्वतीबाईंनी वाकून दारातलं पायपुसणं उचललं. त्याच्या मागे चिकटलेली माती पदरावर पडली, ती त्यांनी झटकली नाही.

"ध्यानात होतं," त्या म्हणाल्या. "कापतानाही ध्यानात होतं."