संपूर्ण वाट सपाट

नगरपालिकेच्या पर्यटन कक्षात त्याला सगळे वाटाड्या म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने. शहराच्या मध्यभागातून पायी फिरायच्या सुंदर वाटांची पुस्तिका काढायचं काम त्याच्याकडे आलं आणि स्वारी हवेत गेली. पहिल्या दोन वाटा त्याने इमानेइतबारे चालून काढल्या, ते नाकारून चालणार नाही. कुठे सावली, कुठे प्यायचं पाणी, कुठे चढ, सगळं वहीत टिपलं. तिसऱ्या वाटेच्या वेळी मात्र ऊन मी म्हणत होतं, छापखान्याचा माणूस डोक्यावर बसला होता. पठ्ठ्याने टेबलावरच नकाशा पसरला, घड्याळाच्या मनोऱ्यापासून पुस्तकांच्या गल्लीतून नदीपर्यंत त्यावर दोरा ठेवला, दोरा पट्टीने मोजला आणि लिहून मोकळा झाला: 'सव्वा किलोमीटर. संपूर्ण वाट सपाट. वयस्करांसाठी उत्तम.' आता दोऱ्याला कुठे कळतो चढउतार?

पुस्तिकेची पहिली प्रत त्याने वहिनींना दिली. आई लवकर गेली, तेव्हापासून डबा भरण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत याचं सगळं त्यांनीच केलं होतं. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सपाटीला हवं तेवढं चाला, पायऱ्यांचं नाव काढू नका. वहिनींनी चष्मा लावून पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचली आणि तिसऱ्या वाटेवर बोट ठेवलं.

"रविवारी इथे जाऊ, भाऊजी. माझ्यासाठीच लिहिलीय जणू."

"दुसरी वाट जास्त छान आहे, वहिनी."

"दुसरीला चढ आहे. तुम्हीच लिहिलंय."

तेव्हाच सांगायचं. पण तोंड उघडेना. असेलही सपाट, नसायला काय झालं, असं मनाशी घोकत तो रविवारी त्यांच्याबरोबर निघाला.

पुस्तकांच्या गल्लीत वहिनी काठी टेकत मजेत चालल्या. एका दुकानदाराला थांबवून त्यांनी पुस्तिका दाखवली. "आमच्या भाऊजींनी लिहिलीय. चालून बघितल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाहीत ते." दुकानदार कौतुकाने हसला. वाटाड्याने बुटाची नाडी बांधायला मान खाली घातली. नाडी सुटलेलीच नव्हती.

गल्ली संपली आणि पुढे पायऱ्या. दगडी, अरुंद, थेट नदीपर्यंत.

पायऱ्यांच्या तोंडाशीच एक म्हातारे गृहस्थ चाकांच्या खुर्चीतल्या बायकोला घेऊन उभे होते. त्यांच्या हातात तीच पुस्तिका.

"कोणी लिहिलंय हे, कुणास ठाऊक," ते म्हणाले. "त्याला या खुर्चीत बसवून इथे आणायला पाहिजे एकदा."

"छापखान्याची चूक असेल हो," वहिनी म्हणाल्या. "लिहिणाऱ्याला मी ओळखते. तसा माणूस नाही तो."

नदी जिथे जेमतेम दिसत होती तिकडे खुर्चीतल्या बाईने मान उंच करून पाहिलं. मग नवऱ्याने खुर्ची वळवली. ते गल्लीच्या टोकाला दिसेनासे होईपर्यंत वाटाड्या तसाच उभा होता.

"परत जाऊ या, वहिनी," शेवटी तो म्हणाला.

"पुलाच्या कमानी पाण्यात दिसतात, असं लिहिलंय ना तुम्ही? तुम्हाला इतकं आवडलं, म्हणजे बघण्यासारखंच असणार. द्या हात."

त्या कमानी त्याने कक्षातल्या भिंतीवरच्या फोटोत पाहिल्या होत्या. त्याने हात दिला.

वहिनी एकेक पायरी उतरू लागल्या. आधी काठी, मग दुखरा पाय, मग दुसरा. पाचव्या पायरीला त्यांनी ओठ आवळले. बाराव्या पायरीला कपाळावर घाम आला. त्यांची बोटं त्याच्या मनगटात रुतत होती आणि तो अजूनही गप्प होता. हे असलं गप्प राहणं त्याला कोणी शिकवलं होतं, देव जाणे. वहिनींनी तर नाही. अर्ध्यावर त्या थांबल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक.

"मी इथे कधी आलोच नव्हतो, वहिनी," तो म्हणाला. "टेबलावर बसून लिहिलं सगळं. ते आजोबा बोलले ते बरोबर होतं."

वहिनींनी त्याच्या मनगटावरचा हात काढून घेतला. काठीच्या आधाराने हळूहळू पायरीवर बसल्या, पाय पुढे लांबवला आणि गुडघा चोळत राहिल्या.

"हे वर सांगितलं असतं, तर मी उतरलेच नसते," त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. वर जायचं तर तितकंच, खाली जायचं तर तितकंच, आणि मधे त्याने त्यांना आणून बसवलं होतं.

"खाली रिक्षा मिळते का?"

"मिळत असेल."

बोलून गेला आणि कानाच्या पाळ्या तापल्या. वहिनी नदीकडे बघत होत्या.

"बघून येतो," तो म्हणाला आणि खाली उतरू लागला.