सगळ्यांसारखी छडी

"कौसल्ये, सोड ती ओटी. आधी शाळेत जा अन् तुझी पोरगी घेऊन ये!"

अप्पाराव बांधावरून ओरडले, तशा कापूस वेचणाऱ्या सगळ्या बाया थांबल्या. कौसल्येनं कमरेची कापसाची ओटी सावरली.

"काय झालं मालक?"

"काय झालं? दिवाळीची सुट्टी सरल्यापासून गावाची लेकरं बाहेर उन्हात बसून राह्यली, अन् तुझी बेबी आत एकटी, राणीवाणी! आज तिला तिथून उठीव. न्हाईतर उद्यापासून तुझ्या बौद्धवाड्यातली एक बी बाई माझ्या रानात पाय ठेवायची न्हाई. बिलकुल न्हाई."

शेजारच्या ओळीतली केशरबाई हळूच म्हणाली, "जा माय जल्दी. लेकरू कुठं बी बसून शिकतंय. आमच्या पोटावर नको आणू."

कौसल्या निघाली. पोरीचा राग आला होता. सापडली की ठोकूनच काढायची, असं तिनं वाटेवर ठरवूनही टाकलं.

वाटूरकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून नवी शाळा होती. आधी शाळा मारुतीच्या देवळात भरायची. गावाची लेकरं ओट्यावर, बौद्धवाड्यातली पायऱ्यांच्या खाली मातीत. मग दुष्काळ पडला, सरकारी काम निघालं आणि शाळेची इमारत उभी राहिली. पायाचे दगड वाहिले ते वाड्यातल्या बायांनी. कौसल्येचं टाळकं त्या दगडांच्या पाट्यांनी सोलून निघालं होतं. दिवाळीनंतर उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी भाषणात सांगितलं, की इथं सगळी लेकरं एक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना काय जातं?

दुसऱ्याच दिवशी नरहर गुरुजी वाड्यातल्या पोरांना म्हणाले, "तुम्ही व्हरांड्यात बसा रे. तिथं वारा छान येतो." पोरं बसली. कौसल्येची बेबीनंदा बसली नाही. चौथीतली एवढीशी पोर, सरळ आत गेली आणि फळ्याखाली पाटी घेऊन बसली. ऊठ म्हटलं तर उठेना. दुपारपर्यंत गावातले आईबाप आले आणि आपापली लेकरं बाहेर घेऊन गेले. मग गुरुजींनीही खुर्ची बाहेर नेली. अख्खी शाळा त्या छान वाऱ्याच्या व्हरांड्यात, आणि आत बेबीनंदा एकटी. वाड्यातली बाकीची पोरं त्यानंतर शाळेकडं फिरकलीच नाहीत. त्यांच्या आयांना कापूस वेचायचा होता.

नरहर गुरुजी वाईट माणूस नाहीत, असं गावात सगळे म्हणत. वाईट माणूस गावात कुणीच नव्हता. तरी हे सगळं होत होतंच.

कौसल्या शाळेच्या कोपऱ्याशी पोचली तेव्हा व्हरांड्यात पाढे चालले होते.

"सतरा पंचे?" गुरुजींनी विचारलं. कुणी बोलेना.

"पंच्याऐंशी!" आतून, खिडकीतून आवाज आला.

गुरुजींना तो ऐकूच आला नाही. "कुणालाच येत नाही? बद्रीनाथ, तू सांग."

अप्पारावांचा बद्रीनाथ उठला. "पंच्याऐंशी, गुर्जी."

"शाब्बास!"

"ते म्या सांगितलं त्याला!" खिडकीतून पुन्हा आवाज आला. पोरं फिदीफिदी हसली. बद्रीनाथसुद्धा हसला.

गुरुजी ताडकन उठले आणि छडी घेऊन दाराशी गेले. उंबऱ्यापाशी मात्र थांबले. वाड्यातल्या पोरांना त्यांनी कधी जवळून मारलं नव्हतं. लांबूनच छडी फेकायची, लागेल तिथं लागेल. मग वाड्यातल्याच कुणीतरी ती उचलून, पाणी शिंपडून खुर्चीवर ठेवायची. नडगीवरचे वळ बेबीनंदानं घरी दाखवले होते. कौसल्येनं त्यावर हळद लावली होती आणि गप्प बसली होती. आत्ताही छडी गेली, पोरीच्या खांद्याला लागली आणि खाली पडली.

बेबीनंदानं ती उचलली आणि दारात आली. गुरुजी एक पाऊल मागं सरले.

"फेकू नका, गुर्जी. बद्रीला हात धरून मारता तुम्ही. मला बी तसंच मारा."

"ठेव ती खाली!"

"न्हाई. घ्या."

एका हातानं तिनं छडी पुढं केली होती आणि दुसरा तळहात उघडा धरला होता. व्हरांड्यातली पोरं उठून उभी राहिली होती. गुरुजींचं तोंड लालबुंद झालं. घ्यावी तर विटाळ, न घ्यावी तर साऱ्या शाळेसमोर एवढ्याशा पोरीनं हरवलं. इकडं आड, तिकडं विहीर. तेवढ्यात त्यांना कौसल्या दिसली.

"बरं झालं, आलीस. घेऊन जा हिला."

बेबीनंदानं वळून पाहिलं, आणि तिची हनुवटी थरथरायला लागली. इतका वेळ पोर भ्याली नव्हती. आता भ्याली, ती आईला. आई न्यायला आलीय, हे तिला कळलं होतं.

कौसल्या न्यायलाच आली होती. अप्पाराव, केशरबाई, उद्याची चूल, सगळं तिच्या डोळ्यांपुढं होतं. पण पोरीच्या त्या हनुवटीकडं पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्या कशाला नेऊ?" ती म्हणाली. "इथले दगड म्या वाह्यलेत. मारायचं तर मारा गुर्जी, गावाच्या लेकरांना मारता तसं. घरी न्हाई नेणार म्या तिला."

गुरुजींनी छडी हिसकावली, पोरीची बोटं धरली आणि मारलं. बद्रीनाथला मारत त्याच्या कितीतरी पट जोरानं. कौसल्येला वाटलं, जावं आणि त्यांचं नरडं धरावं. तिनं भिंतीचा कोपरा घट्ट धरून ठेवला. बेबीनंदानं हात मागं घेतला नाही. गुरुजी थांबले तेव्हा ती आत गेली आणि फळ्याखाली जाऊन बसली. गुरुजी हौदाकडं हात धुवायला गेले.

सांजेला अप्पारावांचा गडी वाड्यात येऊन सांगून गेला, की उद्यापासून कुणी यायचं नाही. केशरबाई दारासमोरून गेली, ती कौसल्येकडं न बघता.

पोरीचा उजवा हात टम्म सुजला होता. भाकरी मोडता येईना, म्हणून कौसल्या घास भरवायला बसली.

"सगळ्यांवानी मारलं, माय," बेबीनंदा खुशीत म्हणाली. "बराबर बद्रीवानी."

कौसल्येला त्या खुशीचाच संताप आला. कुठल्या लेकराला या गोष्टीची खुशी व्हावी? गुरुजींना, अप्पारावांना, त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना तिनं मनातल्या मनात नाही नाही ते बोलून घेतलं. आपणच मारा म्हणालो, हे तिला काही केल्या गिळता येईना.

बेबीनंदानं पाटी मांडीवर ओढली आणि डाव्या हातात पेन्सिल धरली.

"डाव्या हातानं कशाला गं?"

"उद्या गुर्जी म्हणतील, तुला लिव्हता येत न्हाई, जा घरी."

अक्षरं वेडीवाकडी उमटत होती. ती थुंकी लावून पुसायची आणि पुन्हा लिहायची. कौसल्येनं पुढचा घास हातात धरला आणि ओळ पुरी व्हायची वाट बघत बसली.